छातीचा फोटो आणि त्याबरोबरचा कागद

आपल्या लोकांत एक्स-रेला 'फोटो' म्हणण्याची रीत आहे. छातीचा फोटो, पायाचा फोटो, आणि आता सोनोग्राफी झाली की 'पोटाचा फोटो'. शब्द सोपा आहे, पण त्याने एक गैरसमज पसरला आहे. लग्नाच्या फोटोत नवरा कोण आणि नवरी कोण हे कोणी सांगावे लागत नाही. क्ष-किरणांच्या फिल्मचे तसे नाही. तिच्यावर नुसत्या सावल्या असतात: हाडे पांढरी, हवा काळी आणि मधल्या साऱ्या वस्तू करड्या. ह्या सावल्यांचा अर्थ लावून जो कागद लिहिला जातो तो रिपोर्ट. शहरात तपासणी करून आलेली मंडळी रविवारी मिस्सानंतर हा कागद घेऊन येतात आणि म्हणतात, ''फादर, इंग्रजीत आहे, जरा वाचून सांगा.'' आम्हांला इंग्रजी वाचता येते, वैद्यक येत नाही. कागद वाचून दाखवणे वेगळे आणि त्याचा अर्थ सांगणे वेगळे. तेव्हा हा कागद कोण लिहितो, कोणासाठी लिहितो, आणि ज्या डॉक्टरांनी आपल्याला तपासणीस पाठवले ते त्याच्याकडून काय अपेक्षा करतात, हे एकदा सविस्तर सांगावे म्हणून ह्या पानाची जागा घेत आहोत.

प्रथम हे लक्षात घ्यावे की रिपोर्ट आपल्यासाठी लिहिलेला नसतो. ते एका डॉक्टराने दुसऱ्या डॉक्टरास लिहिलेले पत्र असते. फिल्म काढणारा असतो तंत्रज्ञ. ती वाचणारा असतो क्ष-किरणतज्ज्ञ, म्हणजे एम. बी. बी. एस. झाल्यावर पुढे ह्याच विषयाचा अभ्यास केलेला डॉक्टर. आणि औषध देणारे असतात आपले नेहमीचे डॉक्टर. सोनोग्राफी क्ष-किरणतज्ज्ञ स्वतः करतात, त्यामुळे तिथे रोग्याची गाठ पडते. एक्स-रे आणि सी. टी. स्कॅनच्या बाबतीत मात्र त्यांनी रोग्याला पाहिलेले नसते. हल्ली तर फिल्म तारेवरून दूरच्या शहरात जाते आणि तिथे बसलेला तज्ज्ञ रिपोर्ट लिहून पाठवतो. त्याच्यासमोर असते फक्त फिल्म आणि आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी.

संत लूक वैद्य होता हे आपण जाणतो. १८ ऑक्टोबरला त्याचा सण येतो आणि डॉक्टर मंडळी त्याला आपला आश्रयदाता मानतात. आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच तो सांगतो की सर्व गोष्टींचा मुळापासून शोध घेऊन त्या आपण थियफिलास क्रमवार लिहीत आहोत. लिहिणारा ठाऊक, वाचणारा ठाऊक, आणि लिहिण्याचे कारणही ठाऊक. चांगला रिपोर्ट साधारण असाच असावा लागतो.

विल्हेल्म रॉंटगेन ह्या शास्त्रज्ञाने जर्मनीतील व्युर्ट्सबुर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लावला, आणि १९०१ मध्ये पदार्थविज्ञानाचे पहिलेच नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पहिल्या दिवसांत हाड मोडले आहे की नाही आणि शरीरात गोळी कुठे अडकली आहे एवढेच पाहावयाचे असे. पुढे छाती, पोट, मूत्रपिंड असे विषय वाढत गेले, तसे वाचणारे तज्ज्ञ निराळे झाले, आणि त्याबरोबर तक्रारीही सुरू झाल्या. अमेरिकेतील प्रेस्टन हिकी ह्या क्ष-किरणतज्ज्ञांनी १९२२ सालीच लिहिले होते की रिपोर्टांच्या भाषेत आणि मांडणीत एकसूत्रीपणा आणला पाहिजे. त्याला आता शंभरावर वर्षे झाली. तक्रार अजून पुरती मिटलेली नाही.

तक्रार कोणाची? उपचार करणाऱ्या डॉक्टरांची. बेल्जियम आणि नेदरलँड्स ह्या देशांत अशा सातशेंहून अधिक डॉक्टरांना रिपोर्टांविषयी प्रश्न विचारण्यात आले आणि त्याचे निष्कर्ष २०११ साली छापून आले. बहुतेकांनी आपण रिपोर्टांवर समाधानी असल्याचे सांगितले, आणि रिपोर्टावाचून आपले काम चालणार नाही हेही सांगितले. पण त्याच डॉक्टरांनी एक गोष्ट मान्य केली, ती आम्हांला फार महत्त्वाची वाटते: नीट रिपोर्ट हवा असेल तर रोग्याची हकीकत आणि आपला प्रश्न तज्ज्ञाला कळवला पाहिजे. म्हणजे कागद चांगला की वाईट हे लिहिणाऱ्यावर जसे अवलंबून, तसे विचारणाऱ्यावरही अवलंबून.

शेतकऱ्याला हे समजण्यास अडचण पडू नये. माती तपासायला नेताना आपण शेतात नागमोडी चालत ठिकठिकाणी वीतभर खोल खड्डे घेतो, त्यांची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो पिशवीत भरतो, आणि चिठ्ठीवर गट नंबर, मागचे पीक आणि पुढे घ्यावयाचे पीक लिहितो. कोणी कंटाळा करून शेणखताच्या ढिगाखालची किंवा बांधावरच्या झाडाखालची माती भरून दिली, तर प्रयोगशाळा कितीही उत्तम असो, आलेला कागद शेताच्या काहीच कामाचा नसतो. क्ष-किरणांच्या चिठ्ठीवर नुसते 'छातीचा एक्स-रे' एवढेच लिहिलेले असेल, तर वाचणाऱ्याने शोधावयाचे तरी काय? 'पंचेचाळीस वर्षांचा शेतकरी, तीन आठवडे खोकला, रात्री ताप, वजन उतरले, लहानपणी क्षयाचे औषध घेतले होते' असे लिहिले असेल तर त्याची नजर नेमकी फुप्फुसाच्या वरच्या भागाकडे जाते, जिथे क्षयाचे डाग बहुधा असतात. डॉक्टरांना गर्दीत सारे लिहिणे होत नाही. म्हणून ही हकीकत आपल्याला तोंडपाठ असावी आणि तंत्रज्ञाला किंवा सोनोग्राफीच्या डॉक्टरांना आपणच सांगावी. 'विचारतील तेव्हा सांगू' म्हणून गप्प बसण्याची आपली सवय इथे नडते.

आता उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कसला रिपोर्ट आवडतो ते पाहू. आपल्या भागातील काही डॉक्टरांना आम्ही हे विचारले. पहिले उत्तर सर्वांचे एकच: विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्या. मूतखडा आहे का असे विचारले असता दोन पाने यकृत, प्लीहा आणि स्वादुपिंडाचे वर्णन यावे आणि खड्याविषयी एक अर्धवट ओळ असावी, ह्याचा त्यांना वीट येतो. खडा आहे, उजव्या मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी आहे, सहा मिलिमीटरचा आहे, आणि त्याच्यामुळे मूत्रपिंड फुगले आहे किंवा नाही, एवढे चार मुद्दे कळले की डॉक्टर पुढचे ठरवू शकतात. पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुधा लघवीवाटे आपोआप पडतात, दहाच्या वरचे क्वचितच पडतात. तेव्हा 'लहान खडा' आणि 'चार मिलिमीटरचा खडा' ह्या दोन वाक्यांत शस्त्रक्रियेच्या खर्चाएवढे अंतर असू शकते.

दुसरी अपेक्षा, निष्कर्ष वेगळा आणि स्पष्ट असावा. बहुतेक रिपोर्टांच्या शेवटी 'इम्प्रेशन' असा मथळा असतो आणि त्याखाली दोन-चार ओळी असतात. सारा रिपोर्ट त्या ओळींत सामावलेला असतो, आणि घाईत असलेले डॉक्टर आधी तिथेच पाहतात. वरच्या वर्णनात एक आणि निष्कर्षात दुसरेच असे झाले तर घोटाळा. वर डावा पाय आणि खाली उजवा पाय लिहिल्याचे प्रकारही होतात. संगणकात तयार मजकूर साठवून ठेवलेला असतो आणि घाईत तोच उमटतो, त्यामुळे पित्ताशय पूर्वीच काढून टाकलेल्या रोग्याच्या रिपोर्टात 'पित्ताशय निरोगी आहे' असे छापून येते. हसू येते खरे, पण ते वाचून डॉक्टरांचा बाकीच्या ओळींवरचाही विश्वास उडतो. म्हणून कागद हाती आला की खिडकीपाशीच आपले नाव, वय, तारीख आणि डावी-उजवी बाजू तपासून घ्यावी. ह्याला वैद्यक शिकावे लागत नाही.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. ती शंकेची भाषा. 'असू शकेल', 'नाकारता येत नाही', 'डॉक्टरांनी लक्षणांशी ताडून पाहावे' अशी वाक्ये रिपोर्टात फार येतात. डॉक्टर म्हणतात, तज्ज्ञ हात झटकून मोकळे होतात. तज्ज्ञ म्हणतात, सावली पाहून याहून अधिक सांगणे खोटेपणाचे होईल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. क्ष-किरणांची फिल्म वाचणे हे मापाने कापड मोजण्यासारखे काम नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. गार्लंड ह्यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले की अनुभवी तज्ज्ञसुद्धा छातीच्या दोष असलेल्या शंभर फिल्मांपैकी सुमारे तीस फिल्मांतले दोष नजरेआड करतात. त्या काळापेक्षा यंत्रे कितीतरी सुधारली, पण माणसाचा डोळा माणसाचाच राहिला. तेव्हा जिथे खरोखर शंका आहे तिथे ती लिहिणे हा प्रामाणिकपणा होय. डॉक्टरांना राग येतो तो प्रत्येक ओळीला शंकेचे शेपूट लावण्याचा. शंका किती, पन्नास टक्के की पाच टक्के, आणि ती मिटवायला पुढची कोणती तपासणी करावी, हे लिहिले तर तीच शंका उपयोगाची होते.

ह्या शंकेच्या वाक्यांनी आपली माणसे मात्र हादरून जातात. आमच्या धर्मग्रामातील एका मावशींच्या कमरेच्या एम. आर. आय. रिपोर्टात 'डिजनरेटिव्ह चेंजेस' असे शब्द होते. कॉलेजात शिकणाऱ्या नातवाने कोशात पाहून सांगितले, ''आजी, तुझे मणके सडत चाललेत.'' त्या वर्षी मावशी रोप लावणीला शेतात उतरल्या नाहीत, गायीचे दूध काढणेही त्यांनी सुनेवर सोपवले, आणि पुन्हा डॉक्टरकडे जाणेही टाळले, कारण सडलेल्याला औषध ते काय? पुढे डॉक्टरांनी समजावले की ह्या शब्दांचा अर्थ झीज एवढाच, आणि ती केस पांढरे होण्यासारखी वयाबरोबर येते. ह्या विषयावर २०१५ साली ३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कंबरदुखी मुळीच नसलेल्या ३,११० माणसांच्या तपासण्या होत्या. विशीतल्या माणसांपैकी ३७ टक्क्यांच्या मणक्यांमधील चकत्यांत झीज दिसली आणि ऐंशीच्या वयात ९६ टक्क्यांच्या. ही सारी माणसे दुखण्यावाचून होती! म्हणजे फिल्मवर झीज दिसली एवढ्यावरून दुखणे तिचेच असे म्हणता येत नाही. ते ठरवायला डॉक्टरांनी पाय उचलून पाहावा लागतो, बोटांतली ताकद आणि संवेदना तपासावी लागते. 'लक्षणांशी ताडून पाहावे' ह्या वाक्याचा अर्थ तो हाच. मात्र पायात ताकद नाहीशी होणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे ही लक्षणे असतील तर रिपोर्ट काहीही म्हणो, त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात पोचावे.

क्षयाच्या बाबतीत उलट चूक होते. फिल्मवर डाग दिसला की घरचे म्हणतात क्षय झाला, आणि डाग नाही म्हटले की क्षय नाही. दोन्ही बरोबर नाहीत. बऱ्या झालेल्या जुन्या क्षयाचा व्रण फुप्फुसावर जन्मभर राहतो, आणि न्यूमोनियाचा डागही पुष्कळदा तसाच दिसतो. म्हणून बेडक्याची तपासणी हवीच. त्यासाठी आज जी यंत्रे वापरली जातात त्यांतले ट्रूनॅट हे गोव्यातील कंपनीने तयार केलेले असून २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यास मान्यता दिली. ह्याच संघटनेने २०२१ मध्ये असेही सांगितले की पंधरा वर्षांवरील माणसांच्या छातीच्या फिल्मा क्षयाच्या प्राथमिक चाळणीसाठी संगणकाकडून वाचून घेण्यास हरकत नाही. पण ही चाळणीच. चाळणीत राहिलेल्या प्रत्येकाची बेडका-तपासणी करावीच लागते.

डॉक्टरांची चौथी अपेक्षा आमच्या मते सर्वांत मोलाची आहे, आणि ती पुरी करणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. नवीन फिल्म जुनीशी ताडून पाहिलेली असावी. छातीवर एक सेंटिमीटरची गाठ दिसली तर ती आजची की दहा वर्षांपूर्वीची ह्यावर सारे अवलंबून असते. दोन वर्षे किंवा अधिक काळ जराही न वाढलेली टणक गाठ बहुधा निरुपद्रवी असते. सहा महिन्यांत दुप्पट झालेली गाठ वेगळीच गोष्ट सांगते. आमच्याकडील एका ऊस-शेतकऱ्याला अशा गाठीसाठी शहरात सी. टी. स्कॅन आणि सुईने तुकडा काढण्यास सांगितले होते. खर्चासाठी म्हैस विकण्याची बोलणी झाली. त्याच्या बायकोने माळ्यावरच्या ट्रंकेतून आठ वर्षांपूर्वीची, हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी काढलेली फिल्म शोधून आणली. तीवर तीच गाठ, तेवढीच. तज्ज्ञांनी दोन्ही फिल्मा शेजारी लावून नवा रिपोर्ट लिहिला आणि वर्षाने पुन्हा एक साधा एक्स-रे काढण्यास सांगितले, बस्स. म्हैस अजून गोठ्यात आहे. जुनी फिल्म नसती तर पुढच्या तपासण्या कराव्याच लागल्या असत्या, आणि डॉक्टरांनाही दोष देता आला नसता.

सोनोग्राफीला जाताना आणखी एक पथ्य आहे. पोटाच्या वरच्या भागाची सोनोग्राफी असेल तर सहा ते आठ तास काही खाऊ नये. जेवण झाले की पित्ताशय आकसते आणि आतले खडे नीट दिसत नाहीत. ओटीपोटाची असेल तर उलट पाणी पिऊन मूत्राशय भरून जावे. पहाटेची एस. टी. पकडून गेलेला माणूस स्टँडवर चहा-पाव खातो आणि मग रिपोर्टात 'पित्ताशय नीट दिसले नाही' असे येते. डॉक्टर म्हणतात रिपोर्ट अपुरा, तज्ज्ञ म्हणतात रोगी जेवून आला, आणि पुन्हा पैसे भरावे लागतात ते आपल्याला. गरोदर स्त्रीच्या रिपोर्टात मुलगा की मुलगी हे कधीच नसते आणि नसणारही. १९९४ च्या कायद्याने ते सांगणे आणि विचारणे दोन्ही गुन्हे आहेत. देवाने दिलेल्या जिवाविषयी ख्रिस्ती घरात हा प्रश्न उठूच नये, एवढेच इथे म्हणतो.

'मोठी तपासणी केली म्हणजे मोठा रिपोर्ट मिळेल' अशी एक समजूतही रुजत आहे, आणि काही रोगी स्वतःच सी. टी. स्कॅनचा आग्रह धरतात. छातीच्या एका एक्स-रेतून फार तर एक दशांश मिलिसीव्हर्ट एवढे किरण अंगात जातात. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात, तेव्हा त्याची भीती बाळगू नये. पोटाच्या सी. टी. स्कॅनमधून मात्र आठ-दहा मिलिसीव्हर्ट जातात. गरज असेल तेव्हा तो अवश्य करावा, हौसेने करू नये. सोनोग्राफी आणि एम. आर. आय. मध्ये क्ष-किरण नसतात. पोटात गर्भ असल्याची शंका असेल तर एक्स-रेपूर्वी ते तंत्रज्ञाला न लाजता सांगावे.

दोन रिपोर्टांत फरक पडला तर काय करावे, असे पुष्कळदा विचारले जाते. तिसऱ्या ठिकाणी धावू नये. दोन्ही फिल्मा आणि दोन्ही कागद घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे आणि त्यांना क्ष-किरणतज्ज्ञांशी फोनवर बोलण्याची विनंती करावी. चांगले डॉक्टर असे बोलतात, आणि चांगल्या तज्ज्ञांना त्याचा राग येत नाही. तातडीची गोष्ट दिसली, उदाहरणार्थ फुप्फुसाभोवती हवा साठलेली किंवा आतडे फुटलेले, तर तज्ज्ञ कागद छापून येण्याची वाट न पाहता स्वतः फोन करतात. म्हणून चिठ्ठीवर पाठवणाऱ्या डॉक्टरांचा फोन नंबर आहे की नाही, हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.

फिल्मा ठेवण्याविषयी दोन शब्द. चुलीच्या वर, माळ्याच्या गरम पत्र्याखाली किंवा भिंतीच्या ओलीला लागून त्या ठेवू नयेत. पावसाळ्यात त्या एकमेकींना चिकटतात आणि हल्लीच्या काही फिल्मा तर उष्णतेने काळवंडतात. त्यांची घडी घालू नये, पाकिटावर नाव आणि तारीख ठळक लिहावी, आणि रिपोर्टाचा कागद त्याच पाकिटात ठेवावा. तबकडी दिली असेल तर तीही तिथेच. घरातील प्रत्येक माणसाचे पाकीट वेगळे असावे, आणि ते कुठे आहे हे घरातल्या एकट्यालाच नव्हे, दोघांना ठाऊक असावे.